वहीबची बरणी

मुंतहाच्या आधी घरात सहा मुली होत्या. सातवीही मुलगीच झाली तेव्हा बापानं सुईणीच्या तोंडाकडे न बघताच नाव सांगून टाकलं. मुंतहा. म्हणजे शेवट, झालं तेवढं पुरे. आपली नकुशी म्हणा ना. कफर-तूत गावात या नावाच्या आणखी दोघी होत्या, त्यामुळे कुणाला त्यात वावगं वाटलं नाही, आणि मोठी झाल्यावर मुंतहालाही वाटलं नाही. उलट तिला त्या नावाचा तोराच होता, कारण नाव लागू पडलं. पाच वर्षांनी तिच्या पाठीवर मुलगा झाला. वहीब, देवानं दिलेला. गावानं मुंतहाचा पायगुण वाखाणला, आणि आठ बाळंतपणांनी पिळून निघालेल्या आईनं ते बाळ पाच वर्षांच्या मुंतहाच्या कडेवर दिलं ते कायमचंच.

वहीबच्या तोंडात पहिला घास मुंतहानं घातला. त्याचे दात, त्याचा गोवर, त्याची शाळा, सगळं तिच्या पदरात पडलं. बहिणी एकेक करून लग्न होऊन गेल्या, दोघी तर थेट ब्राझीलला. मुंतहाला दोन स्थळं आली होती. पहिल्याच्या वेळी आई अंथरुणाला खिळली होती आणि दुसऱ्याच्या वेळी बाप. दोघांचं सगळं उरकेस्तोवर ती तिशी ओलांडून गेली होती आणि तिसरं स्थळ काही आलं नाही. त्याचं तिला फार दुःख झालं असं दिसलं नाही. घर होतं, कोंबड्या होत्या, वहीब होता, आणि उन्हाळ्यात मेंढी होती.

त्या गावातली तुतीची झाडं पणजोबांच्या रेशमाच्या काळातली. रेशीम गेलं, किडे गेले, पाला उरला, आणि तो पाला मेंढीच्या पोटात जाऊ लागला. वसंतात एक कोकरू आणायचं आणि उन्हाळाभर त्याला भरवायचं. भरवायचं म्हणजे नुसता पाला पुढ्यात टाकायचा नाही. तुतीच्या पानांत मीठ लावलेला कोंडा गुंडाळून विड्याएवढा घास करायचा, डाव्या हातानं मेंढीचा जबडा उघडायचा आणि उजव्या हातानं घास आत, पार घशापर्यंत. तिला नको असला तरी. दिवसाला शंभर, दीडशे घास. मुंतहाच्या उजव्या हाताच्या तर्जनीला नख नव्हतं, ते एका मेंढीनं नेलं होतं. तरी मुंतहाच्या मेंढीसारखी मेंढी अख्ख्या डोंगरात नसायची. सप्टेंबरात क्रूसाच्या सणापर्यंत ती चार पावलं टाकताना धापा टाकायची. मग खाटीक यायचा. त्या दिवशी मुंतहा चर्चच्या ओट्यावर जाऊन बसायची आणि सगळं उरकल्याचा निरोप आला की घरी येऊन, बाह्या वर करून, चुलीपाशी बसायची. मेंढीच्या जाडजूड शेपटीत साठलेली चरबी वितळवायची, त्यात मांसाचे बारीक तुकडे भरपूर मिठात पाणी आटेपर्यंत परतायचे, आणि गरम गरम मातीच्या बरण्यांत भरायचे. वर चरबीचा पांढरा थर धरला की आतला माल वर्षभर हलत नाही. हा कवरमा. बर्फ पडून रस्ता बंद झाला तरी ज्या घरात कवरमा आहे आणि कोंबड्या आहेत, त्या घराला घोर नसतो.

कारण सकाळी लागतं काय, तर अंडी. मातीची पसरट तवली चुलीवर ठेवायची, त्यात चमचाभर कवरमा. तेल नाही, मीठ नाही, सगळं त्यातच आहे. मांस चुरचुरायला लागलं की अंडी फोडायची आणि लाकडी चमच्यानं ढवळायची. इथपर्यंत कुणालाही येतं. पुढचं मात्र मुंतहाचं होतं. ती अंडी अर्धी ओली असतानाच तवली खाली उतरवायची आणि हात मागे बांधून उभी राहायची. कुणी चमचा घालायला गेलं तर हातावर फटका. "तवली गरम आहे ना? मग तिला तिचं काम करू द्या." तवलीच्या उरलेल्या उष्णतेवर अंडी धरत यायची, मऊ, दाणेदार, मांसाच्या प्रत्येक कणाला बिलगलेली. मग मांड्यासारखी पातळ रोटी फाडायची आणि सगळ्यांनी त्याच तवलीतून खायचं. वहीब एकटा पाच अंड्यांचं खायचा. शेजारची तकला, जिची जीभ गावात प्रसिद्ध होती, म्हणायची, "अंडं ढवळायचं त्यात कसलं आलंय गं एवढं? जगभर ढवळतात." मुंतहा म्हणायची, "ढवळतात ना. न ढवळणं कुणाला जमतं ते सांग."

वहीबचं लग्न बत्तिसाव्या वर्षी झालं. मुलगी समुद्राकाठच्या गावातली, तेविशीची, अदेल नावाची. गोड होती, हसरी होती, आणि तिला चूल म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं. पहिल्या आठवड्यात तिनं हौसेनं नवऱ्यासाठी अंडी केली. मुंतहानं एक घास चावला, चावला, आणि मग म्हणाली, "वहीब, तुझ्या गॅरेजात टायर कमी पडले तर सांग, घरी बनतात आता." वहीब हसता हसता खोकला. अदेलही हसली, पण तिनं त्यानंतर मुंतहासमोर तवलीला हात लावला नाही. स्वयंपाकघर मुंतहाचं होतं ते मुंतहाचंच राहिलं. वहीब-अदेलचा संसार चौदा महिने झाला.

देशात तेव्हा लढाईचं दहावं वर्ष होतं. कफर-तूतला तोफांचे आवाज तेवढे ऐकू यायचे, पण खालचे रस्ते खराब होते. आज या टोळीचा नाका, उद्या त्या टोळीचा. वहीब रोज खाली समुद्राकाठी गॅरेजात कामाला जायचा, लोक जातच होते, पोट आहे म्हटल्यावर जावंच लागतं.

तो ईस्टरच्या आधीच्या उपासांतला शुक्रवार होता. उपासाच्या दिवसांत दुपारी बारापर्यंत तोंडात पाणीसुद्धा घालायचं नाही आणि बारानंतरही मांस, दूध, अंडी वर्ज्य. कोंबड्यांना हे कुणी सांगत नाही, त्या घालतच राहतात, म्हणून दर घरात ईस्टरसाठी अंड्यांची टोपली भरत असते. वहीब स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहिला.

"अक्का, आज अंडी कर ना."

"आज शुक्रवार आहे."

"खाली दोन ट्रक उघडून ठेवलेत. बारापर्यंत पोटात काही नसलं तर मी ट्रकचा टायर खाईन."

"खा. टायर उपासाला चालतो."

"देव काय अंडी मोजत बसलाय का गं?"

"देव नसेल मोजत, मी मोजते." मुंतहानं टोपलीवर फडकं ओढलं. "ईस्टरला करीन तुला. दहा अंड्यांचं, एकट्याला."

"लिहून दे."

"चल, निघ."

तिनं डोक्यावर ओढणी घेतली आणि सकाळच्या प्रार्थनेला चर्चमध्ये गेली. परत आली तेव्हा तो कामावर गेला होता आणि अदेल अंगण झाडत होती. बारा वाजले, संध्याकाळ झाली, वहीब आला नाही. रस्ता अडला की तो खालीच मुक्काम करायचा, म्हणून अजून काळजी नव्हती, नुसता राग होता. हाताला काम हवं म्हणून मुंतहानं टोपलीतली अंडी मोजली. तीन कमी भरली. तिनं कोंबड्यांच्या खुराड्यापाशी जाऊन मुंगसाला मोठ्यानं शिव्या घातल्या. तकलानं आपल्या दारातून त्यात भर घातली.

शनिवारी सकाळी खालच्या तिठ्यावरचा बेकरीवाला स्वतः वर आला. काल सकाळी बेकरीसमोर बिनानंबरची एक गाडी थांबली, चौघं बंदूकवाले उतरले. वहीब तिथंच उभा होता. त्यांनी त्याचं ओळखपत्र बघितलं, त्याला गाडीत घातलं आणि गाडी गेली. कुणीकडची टोळी ते त्याला कळलं नाही.

गाडी, बंदुका, ओळखपत्र, सगळं मुंतहानं ऐकलं, पण तिच्या मनात रुतून बसला तो एकच शब्द, बेकरीसमोर. त्याला भूक लागली होती. आपण दिलं नाही म्हणून तो रोटी घ्यायला थांबला. घरी खाऊन निघाला असता तर तिठ्यावरून सरळ पुढे गेला असता, आणि ती गाडी आली तेव्हा तो तिथं नसता. हे तिनं कुणाला बोलून दाखवलं नाही. पण त्या दिवसापासून तिनं अंड्याला तोंड लावलं नाही. ईस्टरला नाही आणि कुणाच्या लग्नातही नाही. गावाला वाटलं, भावासाठी नवस बोललीय.

पुढची वर्षं सगळ्या बेपत्तांच्या घरात जातात तशी गेली. फोटो घेऊन दोघी बायका छावण्यांच्या फाटकांवर उभ्या राहिल्या, बिशपच्या दारात बसल्या, लढाई संपल्यावर राजधानीत इतर आयाबायकांबरोबर धरण्याच्या तंबूतही बसल्या. उत्तर कुठंच नव्हतं. असता तर हो म्हणाले असते, मेला असता तर तसं म्हणाले असते. कुणी काहीच म्हणेना. अदेलचे वडील तिला न्यायला आले होते. अदेलनं विचारलं, "तिकडे मला काय म्हणून ओळख द्याल, बाबा? कुणाची बायको, की विधवा?" बाप एकटाच परत गेला आणि अदेल राहिली.

घरात मुंतहानं दोन नियम घातले. काळे कपडे नाहीत, आणि चारचौघांत रडणं नाही. काळं मेलेल्यासाठी घालतात, रडतात ते मेलेल्यासाठी. घरी यायच्या माणसावर रडलं की त्याची वाट अडते. अदेलचे वडील वारले तेव्हासुद्धा मुंतहानं तिला करडे कपडे घालून पाठवलं, लोकांनी भलताच अर्थ लावू नये म्हणून. हे फार कठोर होतं. मुंतहाला ते कळत होतं आणि तरी तिनं ते केलं.

आणि एक बरणी. दर सप्टेंबरात कवरमा झाला की पहिली बरणी वहीबची. ती फळीवर वरच्या कोपऱ्यात जायची, तिला कुणी हात लावायचा नाही. वर्ष संपून नवा कवरमा झाला की जुनी बरणी खालच्या मठातल्या जोगिणींना द्यायची आणि त्या जागी नवी ठेवायची. अशा चौतीस बरण्या झाल्या. तो येईल त्या दिवशी दहा अंड्यांचं करायचं होतं.

यंदाच्या हिवाळ्यात अदेलच्या पोटात गाठ निघाली. खालच्या डॉक्टरनं फोटो काढले, बघितले आणि मुंतहाला बाजूला घेऊन, "घरी न्या, जे मागेल ते द्या," असं सांगितलं. अदेल अठ्ठावन्न वर्षांची होती, मुंतहा बहात्तरची. वास्तविक उलट व्हायला हवं होतं.

अदेलनं मागितलं, पण खाण्यापिण्याचं नाही. एका दुपारी उशीला टेकून बसवल्यावर ती म्हणाली, "वन्सं, त्याचं नाव मेलेल्यांच्या प्रार्थनेत, मिस्सेत, घ्यायला सांगा."

मुंतहा तिचं पांघरूण सारखं करत होती. हात थांबला नाही. "कुणाचं?"

"वेड पांघरू नका. मला काळं घालायचंय. चौतीस वर्षं मी कुणीच नाही. वरती जाईन तेव्हा कुणीतरी म्हणून जाऊ दे."

"आणि उद्या तो दारात उभा राहिला तर?"

"अडुसष्ट वर्षांचा होऊन?"

"सदुसष्ट."

"वन्सं."

"माझ्या हातानं मी त्याला पुरायची नाही, अदेल. तू काय हवं ते माग, हे मागू नकोस."

अदेलनं अबूना सर्कीसना बोलावून घेतलं. अबूना म्हणजे गावचे पाद्री. चांगला माणूस, पण मुंतहाला जरा भिऊन असायचा. त्यांनी ओसरीवर बसून कॉफी घेतली, घसा साफ केला आणि म्हणाले, "मुंतहा, देवाला कळतं कोण कुठं आहे ते. आपण नाव घेतलं म्हणून माणूस मरत नाही."

"मग घेतलं नाही म्हणून काय बिघडतं?"

"अदेलचं बिघडतं. आणि घरच्या मोठ्या माणसानं हो म्हटल्याशिवाय मला मयताची घंटा वाजवता येत नाही, ते तुला ठाऊक आहे."

"मला ठाऊक आहे," मुंतहा म्हणाली. "कॉफी गार होतेय, अबूना."

अबूना गेल्यावर ती कोठीच्या खोलीत जाऊन उगीच फळ्या पुसत बसली. तिला अदेलची माया होती. चौतीस वर्षं एका चुलीवर काढल्यावर माया नाही तर काय होणार. पण तो मेला असं एकदा म्हटलं की तो उपाशी मेला असं म्हणावं लागणार होतं. जिवंत आहे तोवर त्याच्या पुढ्यात तवली ठेवता येईल. मेला की तो शुक्रवार तसाच राहणार, कायमचा, तिच्या नकारासकट. हे अदेलला कसं सांगायचं? तुझा नवरा माझ्यामुळं गेला, असं कुणी कुणाला सांगतं का?

उपास सुरू झाले. त्याआधीच्या रविवारी रीतीप्रमाणे घरातल्या बरण्या खरवडून संपवल्या होत्या, म्हणजे चाळीस दिवस मोह नको. अदेलचं खाणं आटत आटत चार चमचे मसुराच्या सूपवर आलं, मग तेही बंद झालं. दोन दिवस तिनं पाण्याखेरीज काही घेतलं नाही. तिसरा दिवस शुक्रवार होता. मुंतहा सकाळी तिचं तोंड ओल्या फडक्यानं पुसत होती, तेव्हा अदेल डोळे मिटूनच म्हणाली, "वन्सं, अंडी करता? कवरम्यातली."

मुंतहाच्या हातातलं फडकं तसंच राहिलं. खिडकीतून चर्चची सकाळची घंटा ऐकू येत होती.

"आज शुक्रवार आहे," असं तिच्या तोंडून निघून गेलं. निघालं आणि तिनं स्वतःच्याच तोंडावर हात ठेवला.

"आजाऱ्याला माफ असतं ना," अदेल हळूच म्हणाली.

आजाऱ्याला माफ असतं. भुकेल्यालाही असतं की काय, देव जाणे. मुंतहा उठली आणि कोठीत गेली. घरच्या दोन्ही बरण्या धुऊन पालथ्या घातलेल्या होत्या. तकलाकडे मागायला जावं तर तिनंही रविवारी खरवडलेलं, साऱ्या गावानं खरवडलेलं. वरच्या कोपऱ्यात एकच बरणी होती. मुंतहा तिच्याकडे बघत उभी राहिली. तिचे गुडघे दुखायला लागले इतका वेळ ती उभी राहिली. चौतीस वर्षांपूर्वी याच घरात एकानं मागितलं होतं आणि तिनं टोपलीवर फडकं ओढलं होतं. आता दुसरं माणूस मागत होतं, आणि या माणसालाही फार दिवस थांबता येणार नव्हतं. तिनं स्टूल ओढलं, बरणी खाली घेतली आणि चमच्याच्या दांड्यानं वरचा पांढरा थर फोडला.

तवलीत मांस चुरचुरायला लागलं तसा वास घरभर गेला. तिनं तीन अंडी फोडली, ढवळली, ओली असतानाच उतरवली आणि हात मागे बांधून उभी राहिली.

अदेलला उशीला टेकवून तिनं रोटीचा तुकडा मोडला, त्यात अंडी धरली आणि घास तिच्या तोंडात दिला. अदेलनं तो बराच वेळ तोंडात ठेवला. दुसरा घेतला. तिसऱ्याला मान हलवून नको म्हणाली.

"ही कुठली बरणी, वन्सं?"

"खा तू."

"घरातल्या संपल्यात. मला ठाऊक आहे." अदेलनं डोळे उघडले. "वहीबची काढलीत?"

मुंतहानं रोटीचा तुकडा तवलीच्या काठावर ठेवला. अदेल तिच्याकडे बघत राहिली आणि मग तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं.

"वन्सं, एक सांगू? ओरडू नका. आता ओरडण्यात काही राहिलं नाही."

"सांग."

"त्या दिवशी तुम्ही चर्चला गेलात ना... मी त्याला करून दिली."

"काय करून दिलं?"

"अंडी. तीन. तुमच्या टोपलीतली."

मुंतहानं तिच्या पाठीमागची उशी वर ओढली.

"खिडक्या उघडल्या, तवली राखेनं घासली, लिंबानं घासली," अदेल दम घेत घेत बोलत होती. "वास राहू नये म्हणून. तो म्हणाला, अक्काला सांगू नकोस. मी म्हटलं, शुक्रवार आहे, पाप लागेल. तो म्हणाला, लागू दे, मला लागेल. आणि दुसऱ्या दिवशी बेकरीवाला आला." तिला खोकला आला, मुंतहानं पाणी दिलं. "मला वाटलं, मी त्याचा उपास मोडला म्हणून देवानं त्याला नेला. तुम्ही नाही म्हटलं होतंत. मी ऐकलं असतं तर... म्हणून कधी बोलले नाही. तुम्ही म्हणाला असता, तूच खाल्लास माझा भाऊ."

"मग तो बेकरीपाशी कशाला थांबला?" मुंतहानं विचारलं.

"सिगारेटी घ्यायला. रोज तिथूनच घ्यायचा. तुमच्यासमोर ओढत नव्हता ना."

मुंतहानं तवली खाली ठेवली. तिला आधी राग आला, खरा, पूर्वीसारखा. "चौतीस वर्षं," ती म्हणाली. "चौतीस वर्षं मी त्या मुंगसाला शिव्या घालतेय, अदेल."

अदेल रडता रडता हसली. मुंतहाला हसू आलं नाही. ती खाटेच्या कडेवर बसली. मग तिनं विचारलं, "खाल्ली त्यानं?"

"सगळी. रोटीनं तवली पुसून खाल्ली."

"कशी झाली होती?"

"कडक. टायरसारखी," अदेल म्हणाली. "तरी खाल्ली."

"मला वाटत होतं तो उपाशी गेला," मुंतहा म्हणाली. "माझ्यामुळं बेकरीपाशी थांबला. इतकी वर्षं मला हेच वाटत होतं."

अदेलनं तिचा हात धरला, नख नसलेलं बोट आपल्या मुठीत धरलं. बोलण्यासारखं एवढंच होतं, की एका छपराखाली दोघींनी दोन ओझी वाहिली आणि एकीनं जरी तोंड उघडलं असतं तरी दोघींची खाली उतरली असती. मुंतहाला अदेलच्या त्या तरुण वर्षांची आठवण झाली, करड्या कपड्यांची, आणि तिला स्वतःची लाज वाटली. मग तिनं तवली मांडीवर घेतली, रोटी मोडली आणि उरलेली अंडी खाल्ली. उपासाच्या शुक्रवारी, बाराच्या आत. चव तीच होती. ती संपेपर्यंत खात राहिली.

दुपारी ती अबूना सर्कीसांकडे गेली. अबूना लगबगीनं उठले. "बसायला नाही आले," मुंतहा म्हणाली. "ईस्टर होऊ दे. मग पहिल्या शनिवारी घंटा वाजवा. वहीबसाठी. घरची मोठी मी आहे, मी हो म्हणते."

अदेलनं दम धरला. काळा पोशाख तकलानं शिवून दिला आणि एकदाही वाकडं बोलली नाही. तो पोशाख अदेलच्या अंगावर सतरा दिवस राहिला, तिच्या शेवटच्या दिवसापर्यंत.

त्या शनिवारी घंटा वाजली तेव्हा गावातली नवी पोरं एकमेकांना विचारत होती, कोण वारलं? म्हातारे सांगत होते. शवपेटी नव्हती, फोटो होता. अदेलला खुर्चीत बसवून आणलं होतं. ती सरळ बसली होती, आणि डोळे कोरडे होते. सवय अशी लगेच सुटत नाही.

मिस्सा झाल्यावर मृताच्या नावानं सगळ्यांना जेवू घालतात. त्याला दयेचा घास म्हणतात. भात असतो, मांस असतं. मुंतहानं त्या बरणीत उरलेला सगळा कवरमा काढला होता आणि उपासभर साठलेली टोपली रिकामी केली होती. अंगणात चूल मांडून ती स्वतः ढवळत होती. दयेच्या घासाला अंडी कुणी करत नाही, पण तिला विचारणार कोण? लोकांनी रोट्या मोडल्या आणि खायला घेतल्या. तकलानं एक घास चावला, चावला, आणि न राहवून हळू आवाजात म्हणाली, "मुंतहा, आज जास्त वेळ राहिली का गं चुलीवर? जरा कडक झालीत."

"हो," मुंतहा म्हणाली. "आज अशीच करायची होती."

तिनं एका तुकड्यात अंडी धरली, अदेलपाशी गेली आणि घास तिच्या तोंडात दिला. अदेलनं तो चावला. मग तिनं वर मुंतहाकडे पाहिलं, आणि काळ्या ओढणीचा पदर तोंडाशी धरून, साऱ्या गावादेखत, चौतीस वर्षांत पहिल्यांदा नवऱ्यासाठी रडली.